न आलेल्या बायांची मतं

मेलेली बाई मत कोणाला देते, सांगा बरं?

हसू नका. मी थट्टा करत नाही. मेलेली कुठून मत देणार, असंच तुम्ही म्हणाल. देते. आमच्या गावात दिलं. सगळ्या मेलेल्या बायांनी एकाच चिन्हाला दिलं, उभ्या बाटलीला. त्यांच्यासोबत अकोल्याला, पुण्याला, सुरतेला नांदायला गेलेल्या लेकींनीही दिलं. त्यातल्या कित्येकींना त्या दिवशी माहेरात मतदान आहे हेसुद्धा माहीत नव्हतं. हे कसं झालं ते सांगायचं तर आधी आयशाबीचं सांगावं लागेल. गावाचं नाव लिहीत नाही, अंजनगाव सुर्जीकडचं समजा. नाव लिहिलं की दारूचा दुकानवाला वकिलाची नोटीस धाडतो, आणि माझ्या घरात अशा नोटिसा ठेवायला आता जागा नाही.

आयशाबी आमच्या गावची मनियारीण. बांगड्या भरणारी. तिची सासू हेच करायची, तिच्या मागे ही. खांद्याला बांगड्यांची झोळी, काखेत एक पोतं. ते पोतं ओट्यावर अंथरलं की दुकान लागलं. पाटलाची सून असो की मजुराची नवी नवरी, हात धरायची पद्धत एकच. आधी पंजा दाबून दाबून मऊ करायचा, तोंडानं बोलत राहायचं, आणि बाई हसली की त्या हसण्यात बांगडी वर सरकवायची. "हात सैल सोड व माय, मी काई तुही जमीन लिहून घेऊन राहिली नाई."

गावातल्या प्रत्येक लग्नाचा चुडा तिच्या हातचा. आणि एखादी सवाष्ण गेली तर तिला लावायचा शेवटचा हिरवा चुडाही आयशाबीच भरायची. घरचे लोक बोलवायला जायचे, ती डोक्यावरून पदर घेऊन गुपचूप यायची. परतताना कोणाशी बोलायची नाही. एकदा मला म्हणाली होती, "जित्या हाताले हसवता येते रे देवमन. थंड हाताले काय सांगाव?" मुसलमान मनियारणीनं हिंदू बाईचा शेवटचा चुडा भरायचा, यात आमच्याकडे कोणाला काही वाटत नाही. कोणाला वाटायला लागलं असेल तर त्याला माझ्याकडे पाठवा.

तिला एकच पोरगा, कुर्बान. आईपेक्षा हात हलका. रिद्धपूरच्या यात्रेत त्याच्या दुकानापुढे बायांचा गराडा पडायचा; पोरी आईला सोडून त्याच्याकडे हात करायच्या, कारण त्याच्या हातून बांगडी कधी चढली ते कळायचंच नाही. मग तो दारूला लागला. कसा लागला विचारू नका, सगळे लागतात तसाच लागला. आणि पहिल्यांदा त्याचे हात गेले. मनियाराचा हात थरथरला की काच बाईच्या मनगटात शिरते. एका पोरीचं मनगट चिरलं आणि त्या दिवसापासून कुर्बानपुढे कोणी हात केला नाही.

पुढे पोट फुगलं, डोळे पिवळे झाले. आयशाबी त्याला अमरावतीला घेऊन गेली. डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं: या वेळी वाचला, आता प्यायला तर माझ्याकडे आणू नका, मी काही करू शकणार नाही. घरी आणला तेव्हा त्याची बायको तुबा दारात उभी होती, आणि कुर्बान भिंतीला धरून आत गेला.

आता अडचण पाहा. आयशाबीच्या घरातून बाजारात जा, बसथांब्यावर जा, दवाखान्यात जा, रस्ता एकच. आणि त्या रस्त्याच्या मधोमध देशी दारूचं दुकान. परवानावालं. पाटी, जाळी, बाहेर बाकडं, सगळं कायदेशीर. माणसानं घराबाहेर पाऊल टाकायचं म्हणजे त्या बाकड्यावरच्या दोस्तांच्या हाका ऐकायच्या.

आयशाबी माझ्याकडे आली. मी आठवी नापास माणूस. कायदा शिकलो तो कचेऱ्यांच्या व्हरांड्यात बसून, साहेबांची बोलणी खात आणि त्यांना परत देत. ती म्हणाली, "देवमन, तू ते कायदेबियदे वाचतं ना? ते दुकान उचलाचा कायदा हाय का एखादा?"

"हाय ना खाला," मी म्हणालो. अख्खं गाव तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणतं.

आपल्या राज्यात हा एक नियम आहे, आणि तो चांगला नियम आहे, हे आधी कबूल करतो. गावातल्या पाव हिश्श्याच्या बायांनी सह्या करून मागणी केली की सरकारला त्या गावात बायांचं गुप्त मतदान घ्यावं लागतं. कागदावर दोन चिन्हं: उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी बाटली म्हणजे बंद करा. पुढाऱ्याला विचारायचं नाही, पक्षाला विचारायचं नाही, गावच्या बायांनी ठरवायचं. असं मतदान आपल्याला दुसऱ्या कशासाठी मिळतं, सांगा?

चिन्हं ऐकून आयशाबीला हसू आलं. "माह्या घरात उलटं हाय बाप्पा. बाटली उभी रायते अन् माणूस आडवा."

पहिली सही तिचीच, अंगठ्याची. ती सोपी नव्हती. तिच्याच मोहल्ल्यातले एक चाचा घरी आले, खाटेवर बसले, म्हणाले, "आयशाबी, आपल्यात कोणी पीत नाई. तू कशाले या भानगडीत पडतं? लोकं काय म्हनतीन?"

"आपल्यात कोणी पीत नाई?" ती म्हणाली. "मंग चाचा, आतल्या खोलीत जो पडून हाय तो कोण हाय? जिन हाय का?"

चाचा उठून गेले. आतून कुर्बानचा आवाज आला. मी तिथंच होतो म्हणून सांगतो. तो म्हणाला, "अम्मी, करा बंद. मले लय वेळा वाटते सोडाव. मी घरातून निघतो तेव्हा मनात नसते. तिथपर्यंत गेलो का पाय थांबते. माह्यानं होत नाई, तुमी करा."

त्या दिवसापासून आयशाबीला दुसरं काही सुचलं नाही. सह्या गोळा करायची तिची रीत मी आयुष्यभर विसरणार नाही. मोर्चे काढून, भाषणं करून मला जे जमत नाही ते ती बांगड्या भरता भरता करायची. बाईचा उजवा हात तिच्या मुठीत, अर्धी बांगडी पंजावर अडकलेली, आणि मग विचारायची, "सही करतं का?" बाई पळणार कुठं?

"खाला, आधी बांगडी तं चढव!"

"आधी हो म्हण. मंग चढवतो."

हसत हसत सह्या झाल्या. ज्यांचे नवरे त्या बाकड्यावर बसतात त्यांनीही केल्या, आणि त्यांनी सर्वांत आधी केल्या. पाव हिश्श्याहून कितीतरी जास्त. अर्ज गेला. तेवढ्यात मी नियमाचा कागद पुन्हा शांतपणे वाचला, आणि माझं डोकं सटकलं.

नियम असा: आडवी बाटली जिंकायची तर गावच्या मतदार यादीत जितक्या बायांची नावं आहेत, त्यांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडली पाहिजेत. मत द्यायला आलेल्यांच्या निम्मी नव्हे, यादीतल्या सगळ्यांच्या निम्मी. म्हणजे जी आली नाही तिचं मत आपोआप दुकानाला. जी मेली तिचंही. तुमचा आमदार निवडून येतो तेव्हा घरी बसलेल्यांची मतं त्याच्या विरोधात कोणी मोजतं का? तशी मोजली तर निम्मं सभागृह रिकामं राहील. हा हिशेब फक्त बाया दारूचं दुकान बंद करायला निघाल्या की लागतो.

मी आयशाबीला समजावलं. "खाला, यादी साफ करा लागते. ज्या गेल्या, ज्या लग्न होऊन कायमच्या गावाबाहेर गेल्या, त्यायची नावं कमी कराचे अर्ज भरा लागते. घरच्यायच्या सह्या आणा."

"येवढंच ना? आणतो," म्हणाली. एका दुपारी अर्जांचा गठ्ठा झोळीत घालून निघाली. सगळ्यात आधी पार्बताबाईकडे. पार्बताबाई म्हणजे आमच्या भजनी मंडळाची पुढारी; ती एक हो म्हणाली की अर्धं गाव हो म्हणतं. तिची पोरगी प्राजक्ता अकोल्याला जठारपेठेत दिलेली, आणि तिची सासू दोन वर्षांपूर्वी वारलेली. दोघींची नावं अजून आमच्याच यादीत.

आयशाबीनं अर्ज पुढे केला. पार्बताबाईनं तो पाहिला आणि तिचा चेहरा उतरला.

"माह्या पोरीचं नाव कापाले आली का तू आयशाबी? तिचा चुडा तूच भरला ना? तवा दोन बांगड्या जास्त भरल्या, म्हणे माहेरच्या. अन् आता माहेरच कापून टाकतं?"

"कापत नाई व, तिकडं अकोल्याच्या यादीत…"

"तिकडं कायले? नाव इथं हाय म्हणून तं मतदानाले येते पोरगी. सासरचे दुसऱ्या कशाले सोडतात? मतदान म्हटलं का सासू नाई म्हणत नाई."

"अन् तुह्या सासूचं?"

"तिचं राहू दे. यादीत नाव दिसलं का वाटते, हाय म्हातारी कुठंतरी." पार्बताबाईनं डोळे पुसले. मग उलट तिलाच धीर दिला, "येवढं भेतं काहून? अखाजीले साऱ्या पोरी माहेरी येतात. सायबाले म्हणा, अखाजीत ठेवा मतदान. एकेक पोरगी आडवी करून जाईन बाटली. नावं कापून मतं कमी कायले करतं?"

दारोदार हेच. अखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्या लेकींचा सण. सासुरवाशीण आली नाही तर आई जेवत नाही. आणि कोणती आई स्वतःच्या हातानं लेकीचं नाव गावातून कमी करेल? आम्ही वऱ्हाडची माणसं दुसऱ्याच्या तोंडावर काहीही बोलू, पण हे आमच्यानं होत नाही. आयशाबी रिकामे अर्ज घेऊन परत आली.

"देवमन, माह्यानं नाई होत रे. ज्यायले चुडा भरला त्यायचंच…"

मी ओरडलो. लय ओरडलो. "खाला, तुह्या पोराच्या जिवाची गोष्ट हाय!"

"मले शिकवू नको," ती म्हणाली. "मले समजते तो कोणाचा पोरगा हाय ते." आणि रिकामे अर्ज पुन्हा झोळीत कोंबले.

आम्ही उत्पादन शुल्क खात्याच्या साहेबाला विनंती केली, अखाजीत मतदान ठेवा. साहेब माणूस वाईट नव्हता. म्हणाला, आधी प्रत्येक सहीची पडताळणी करावी लागते, बाई स्वतः समोर यायला पाहिजे. ती झाली. मग दुकानवाल्यानं हरकत घेतली. तिची सुनावणी झाली. तोवर अखाजी आली. लेकी आल्या, झोके खेळल्या, प्रत्येकीनं आयशाबीकडून हात भरून घेतले, प्रत्येकीला तिनं सांगितलं, "तारीख लागली का येजो व माय." आणि लेकी निघून गेल्या. तारीख लागली ती ऐन पेरणीत. त्या दिवसांत सासरची माणसं बाईला शेतातून उठू देत नाहीत, माहेरी कुठली धाडतात?

एक सांगतो, त्या सगळ्या महिन्यांत कुर्बाननं थेंबाला हात लावला नाही. तुबा त्याला घराबाहेर एकटा सोडत नव्हती. बाजाराला निघाला की ती एका बाजूनं, आयशाबी दुसऱ्या बाजूनं, मधे तो. बाकड्यावरून टवाळी व्हायची, "काय कुर्बानभाई, पोलीस लावले का?" तो मान खाली घालून जायचा. अंगावर थोडं मांस आलं होतं. एकदा तुबाच्या हातात त्यानं स्वतः बांगड्या भरल्या. वेळ लागला, पण एकही फुटली नाही. तुबा ते हात सगळ्या मोहल्ल्याला दाखवत फिरली.

मतदानाच्या दिवशी शाळेपुढे बायांची रांग लागली. चिखल तुडवत शेतातून सरळ आल्या होत्या. पार्बताबाईची प्राजक्ता अकोल्याहून आली, कडेवर लेकरू घेऊन, सासूशी भांडून. तिला पाहून पार्बताबाईनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच तिला येऊ देत नव्हतो. पण तिच्यासारख्या आल्या किती? बोटावर मोजण्याइतक्या. शाळेपासून दूर, रस्त्याच्या कडेला एका दगडावर कुर्बान बसून होता. येणाऱ्या-जाणाऱ्या बाईला हात जोडून म्हणत होता, "आडवी करा ताई. माह्यासाठी आडवी करा." दारुड्या माणसाला दुकान बंद करा म्हणून भीक मागताना तुम्ही पाहिलं नसेल. मी पाहिलं.

संध्याकाळच्या आत मोजणी झाली. आडव्या बाटलीचा ढीग एवढा वर, उभ्या बाटलीला चिमूटभर मतं. बायांनी एकच गलका केला. रुख्मिणी नावाची आमची एक तरणी सून, तिनं आयशाबीला उचललंच. आयशाबी रडत होती, हसत होती, "खाली ठेव व, मोडशीन मले!"

साहेबांनी हात वर केला. गलका थांबायला वेळ लागला. मग ते खाली मान घालून बोलले की यादीतल्या एकूण नावांच्या निम्मी मतं झाली नाहीत, थोडी कमी पडली, म्हणून मागणी फेटाळली गेली असं समजावं. आणि आता वर्षभर पुन्हा मागणी करता येणार नाही.

कोणाला काही कळेना. रुख्मिणीनं विचारलं, "सायेब, ज्या आल्याच नाई त्यायचं मत कोणाले गेलं?"

"तसं कोणाला गेलं नाही, बाई."

"मंग आमी हारलो कशानं?"

साहेब कागद गोळा करू लागले. बाहेर दुकानवाल्यानं फटाक्यांची लड लावली.

आयशाबी यादी लावलेल्या भिंतीपाशी गेली. तिला वाचता येत नाही. मला म्हणाली, "न आलेल्या वाच." मी वाचू लागलो. ती ऐकत होती. "हे गेली बाळंतपणात. हे सुरतेले हाय. हे… हिले मीच भरला शेवटचा. पावसात गेलो होतो." पार्बताबाईच्या सासूचं नाव आलं. पार्बताबाई मागेच उभी होती. तोंडाला पदर लावून ती घराकडे चालू लागली, आणि प्राजक्ता लेकराला घेऊन तिच्या मागे धावली.

कुर्बान त्या दगडावरून उठला नव्हता. मी सांगायला गेलो तर म्हणाला, "फटाके आयकले मी, देवमनभाऊ." एवढंच.

तो आणखी काही दिवस टिकला. एका सणाच्या आसपास, तुबा माहेरी गेली होती, आयशाबी कोणाकडे बांगड्या भरत होती. तो एकटा बाजाराला निघाला. बाकड्यावरून हाक आली असेल. पुढचं सांगत नाही. डॉक्टरनं सांगितलं होतं तसंच झालं.

माणूस गेल्यावर त्याच्या बायकोच्या बांगड्या फोडतात, सगळीकडे. मोहल्ल्यातल्या बाया त्यासाठी पुढे झाल्या. आयशाबीनं सगळ्यांना मागे सारलं. "माह्या घरात काच फुटणार नाई," म्हणाली. तुबाचा हात मांडीवर घेतला, पाण्यानं ओला केला, पंजा दाबून दाबून मऊ केला. आणि एकेक बांगडी अख्खी उतरवली. कुर्बाननं भरलेल्या त्याच बांगड्या. या वेळी हात सैल सोड, असंही म्हणाली नाही.

चाळिसाव्या दिवसाचा विधी झाला आणि ती माझ्याकडे आली. झोळीतून तेच रिकामे अर्ज काढले, त्यांच्या कडा बांगड्यांनी कातरल्या होत्या.

"कुर्बानचं नाव काप."

मी म्हणालो, "खाला, या मतदानात बायायचीच नावं मोजतात. त्याचं नाव राहिलं तरी आपलं काही बिघडत नाई. राहू दे."

"मले मालूम हाय. तरी काप." तिनं अंगठा पुढे केला. "पार्बताले सासूचं नाव कापवत नाई. मले कोणत्या तोंडानं सांगता येईन? आधी माह्या घरचं कापा लागन. मंग जातो दारोदार. म्हणीन, पाह्य, म्या कापलं, आता तू काप."

मी अर्ज भरला. तिनं अंगठा उमटवला, आणि शाई पदराला न पुसता तशीच बोटावर ठेवून पार्बताबाईच्या घराकडे गेली. मी लांबून मागे गेलो. पार्बताबाई दारात आली. आयशाबीनं फक्त निळा अंगठा वर करून दाखवला. पार्बताबाईनं त्याकडे पाहिलं. मग आत जाऊन चष्मा घेऊन आली आणि ओट्यावर बसली. आधी सासूचा कागद मागितला. लेकीचा नंतर.

आता आयशाबी सकाळी बांगड्या भरते आणि दुपारी नावं कमी करते. प्रत्येक घरात रडारड होते. दुकान अजून तिथंच आहे. कुर्बानसाठी आता काही करायचं राहिलं नाही, हे तिला सगळ्यांपेक्षा जास्त कळतं. पण त्या बाकड्यावर आता रुख्मिणीचा नवरा बसायला लागला आहे.

म्हणून तुम्हाला सांगतो, नुसतं वाचून कागद बाजूला ठेवू नका. तुमच्या आमदाराला एक ओळ लिहा: दारूच्या मतदानात ज्या बाया येतील त्यांचीच मतं मोजा, न आलेल्यांची दुकानाच्या पारड्यात टाकू नका. नियम बदलेल तेव्हा बदलेल. तोवर उद्या आपल्या गावच्या मतदार यादीपुढे उभे राहा, तुमच्या घरची जी बाई आता नाही तिचं नाव शोधा, आणि ते कमी करायचा अर्ज स्वतःच्या हातानं भरा.